संघातून पोरगं गुपचूप कमी होतं तेव्हा... समलिंगी, तृतीयपंथी मुलांच्या खेळाचं काय? कायदा नेमकं काय सांगतो?

पंढरपूर : आपल्या भागात खो-खोचं वेड किती आहे हे वेगळं सांगायला नको. वाडीकुरोलीच्या मुलींनी तर तालुक्याचं नाव राज्यभर केलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते. तेव्हापासून "पोरीनं खेळून काय होणार" म्हणणारी माणसंसुद्धा जरा गप्प झालीत. खेळातून दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे आता घराघरात माहीत आहे.

पण जवळपास प्रत्येक गावच्या मैदानावर अशी एक गोष्ट घडते की तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. चांगलं पळणारं, चांगलं पकडणारं एखादं पोरगं आठवी-नववीला अचानक यायचं बंद होतं. सर विचारतात, घरचे म्हणतात अभ्यास आहे. पोरं मात्र ओळखून असतात. त्याला "बायल्या" म्हणून म्हणून घालवलेलं असतं. नाहीतर एखादी मुलगी असते, केस बारीक कापलेली, पोरांसारखी चालणारी. तिला "ही काय पोरगी हाय व्हय" असं ऐकून ऐकून कंटाळा येतो. मग घरचेच म्हणतात, बास झाला खेळ, उद्या लग्न कसं जमायचं.

अशा मुलांचं मैदानावर काय होतं आणि कायदा त्यांच्या बाजूनं काय सांगतो, ते समजून घेऊ.

आधी शब्द समजून घेऊ

मोबाईलवर "एलजीबीटीक्यू" असा लांबलचक शब्द दिसतो आणि वाचणारा तिथंच थांबतो. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ त्या एकत्र केल्यानं होतो.

पहिली गोष्ट, कुणाबद्दल ओढ वाटते. मुलाला मुलाबद्दल किंवा मुलीला मुलीबद्दल ओढ वाटली तर आपण समलिंगी म्हणतो. काहींना दोन्हींबद्दल वाटते. अशा मुलाला स्वतः मुलगा असण्याबद्दल काही शंका नसते. तो मुलगाच असतो, मुलांच्याच संघात खेळतो.

दुसरी गोष्ट, आपण स्वतः कोण आहोत. जन्माच्या वेळी दवाखान्यात मुलगा म्हणून नोंद झाली, पण आतून आपण मुलगी आहोत असं पक्कं वाटतं, किंवा याच्या उलट. याला पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. आपल्याकडे तृतीयपंथी हा शब्द रुळलेला आहे. शिवाय काही मुलं जन्मतःच अशी असतात की त्यांचं शरीर डॉक्टरांच्या मुलगा-मुलगी या ठरलेल्या व्याख्येत पूर्ण बसत नाही. तो तिसराच प्रकार.

आणि एक सांगून ठेवलेलं बरं. प्रत्येक हळवा मुलगा समलिंगी नसतो आणि कबड्डीत दांडगाई करणारी प्रत्येक मुलगी तशी नसते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरावर गावानं शिक्का मारायचं काही कारण नाही. ते त्याचं त्याला कळू द्यावं.

हा आजार आहे का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांनी संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. "औषधानं बरा करतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर सावध राहा. असल्या उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. भोंदूबाबांबद्दल तर बोलायलाच नको.

मराठी घरातलं उदाहरण

हे सगळं अमेरिकेतलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी अनया बांगर हे नाव लक्षात घ्यावं. वडील संजय बांगर, मूळचे बीडचे, भारताकडून कसोटी खेळलेले आणि नंतर भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक राहिलेले. त्यांचं हे अपत्य लहानपणापासून मुलगा म्हणून वाढलं, मुंबईत वयोगटाचं क्रिकेट खेळलं, नंतर इंग्लंडमध्ये लेस्टरशायर भागातल्या क्लबकडून खेळलं. आपण यशस्वी जैस्वाल, सर्फराज खान, मुशीर खान यांच्यासोबत खेळलो आहोत, असं अनयानं मुलाखतीत सांगितलं आहे.

आठ-नऊ वर्षांची असतानाच आपण मुलगी आहोत असं आपल्याला वाटत होतं, असं ती सांगते. पण वडिलांचं नाव मोठं आणि क्रिकेटमधलं वातावरण मर्दानगीचं. त्यामुळं कित्येक वर्षं हे आतच दाबून ठेवावं लागलं. हार्मोनचे उपचार घेऊन ती मुलगी म्हणून जगासमोर आली ते २०२४ मध्ये. त्यानंतर क्रिकेटमधल्या काही लोकांकडून आलेले वाईट अनुभवही तिनं बोलून दाखवले.

इथं थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. घरात क्रिकेट, हातात चांगली बॅट, मुंबईसारखं शहर, शिक्षण आणि पैसा. एवढं असूनही त्या पोरीला पंधरा-एक वर्षं तोंड उघडता आलं नाही. मग कासेगावच्या किंवा करकंबच्या मैदानावर उसाच्या फडातून थेट सरावाला येणारं पोर कुणाला काय सांगणार?

दुसरं उदाहरण ओडिशाचं. द्युती चंद ही धावपटू जाजपूर जिल्ह्यातल्या विणकर कुटुंबातली. २०१४ साली तिच्या शरीरात पुरुषी हार्मोन जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून ऐनवेळी वगळलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेली आणि जुलै २०१५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल लागला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं १०० आणि २०० मीटरला रौप्य पदक जिंकलं. मे २०१९ मध्ये तिनं सांगितलं की आपलं आपल्याच गावातल्या एका मुलीवर प्रेम आहे. घरातून विरोध झाला, गावात कुजबुज झाली. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी इटलीत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचं सुवर्ण तिनं घेतलं. पुढं २०२३ मध्ये तिच्यावर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीवरून चार वर्षांची बंदी आली, ती गोष्ट वेगळी. ती लपवायची गरज नाही आणि इथं जोडायचीही गरज नाही.

क्रिकेट बघणाऱ्यांना आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर महिला प्रीमियर लीग आठवा. मुंबई इंडियन्सकडून खेळणारी नॅट सिव्हर-ब्रंट सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या हंगामात सगळ्यात जास्त धावा तिच्याच होत्या. तिच्या आडनावातलं "ब्रंट" हे इंग्लंडची वेगवान गोलंदाज कॅथरीन ब्रंट हिचं. दोघी एकाच संघात खेळल्या आणि २०२२ मध्ये दोघींनी लग्न केलं. आपल्या गावातली पोरं तिच्या चौकाराला टाळ्या वाजवतात, त्यात कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही.

अडचण नियमाची किती, माणसांची किती?

आता मुद्द्याचं. समलिंगी मुलगा कबड्डीत किंवा समलिंगी मुलगी खो-खोत खेळायला कुठल्याच खेळाच्या नियमात काडीचीही अडचण नाही. शालेय स्पर्धेच्या अर्जात जन्मतारीख लागते, शाळेचा दाखला लागतो, आधार लागतं. ओढ कुणाबद्दल आहे हा रकाना कुठंच नसतो. म्हणजे या मुलांना जे काही अडवतं, ते आपण अडवतो. संघातली पोरं, कडेला बसलेले पालक, कधी कधी सर स्वतः.

आपल्या मैदानावरची भाषा ऐका. पकड सुटली की "बांगड्या भर". रडला की "बाईसारखं काय रडतो". हरलेल्या संघाला काय काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं, तोंडाला वळण पडलेलं असतं. पण संघात जे एक पोर खरंच तसं आहे, त्याला रोज संध्याकाळी पाच वाजता हे ऐकावं लागतं. त्याच्यासाठी ती शिवी दुसऱ्या कुणाला दिलेली नसते, सगळ्या सगळ्या त्यालाच दिलेल्या असतात. (आणि बांगड्या भरून खो-खोचा विश्वचषक जिंकता येतो हे पोरींनी दाखवलंच आहे, मग ही शिवी कशी काय होते?)

कबड्डी, कुस्ती हे अंगाला अंग लागणारे खेळ. तालमीत लंगोटावर जोड धरायची असते. एखाद्याबद्दल कुजबुज सुरू झाली की त्याच्याशी कुणी जोड धरत नाही. मग सराव बंद, सराव बंद म्हणजे खेळ बंद. पालकांनाही भीती वाटते, "आपल्या पोराला काही करंल". ही भीती सरळ बोलून मोकळी केलेली बरी. मुलांवरचे लैंगिक अत्याचार हा गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि तो प्रशिक्षक असो, नातेवाईक असो, शेजारी असो, कुणालाही लागतो. पण समलिंगी असणं म्हणजे अत्याचार करणारा असणं नव्हे. उलट ज्या पोराला कुणी जवळ करत नाही आणि ज्याचं गुपित कुणाच्या तरी हातात आहे, त्यालाच धमकावणं सोपं जातं. संघात धोका कुणाला जास्त असेल तर तो त्या पोरालाच.

तृतीयपंथी मुलांचा प्रश्न थोडा अवघड

समलिंगी मुलांच्या बाबतीत नियमाचा प्रश्नच नाही. तृतीयपंथी मुलांच्या बाबतीत मात्र आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगा म्हणून नोंद असलेल्या आणि स्वतःला मुलगी समजणाऱ्या खेळाडूनं कुठल्या संघात खेळायचं? मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय खेळात यावर नियम कडक झालेत. मार्च २०२३ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं असं ठरवलं की पुरुषी वयात येणं पूर्ण झालेल्या पारलिंगी महिलांना आंतरराष्ट्रीय महिला स्पर्धेत खेळता येणार नाही. उंची, हाडं, स्नायू यांचा फायदा मागं राहतो, असं त्यांचं म्हणणं. अनया बांगर याच निर्णयाविरुद्ध बोलते आहे. आपल्या शरीराच्या शास्त्रीय चाचण्या करून त्याचा अहवाल तिनं क्रिकेट मंडळांसमोर ठेवायचं ठरवलं. यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे आणि वाद लवकर मिटेल असं वाटत नाही.

पण तो वाद विश्वचषकाचा आहे. शाळेच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी जो सराव होतो, त्याला तो नियम लावायचं काही कारण नाही. तिथं पोरानं घाम गाळायचा आहे, चार मित्र जोडायचे आहेत.

आणि शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा संसदेत २०१९ साली झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम १३ फार कमी मुख्याध्यापकांनी वाचलं असेल. त्याचा अर्थ असा : सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेनं तृतीयपंथी व्यक्तींना भेदभाव न करता, इतरांच्या बरोबरीनं, सर्वसमावेशक शिक्षण द्यायचं आणि खेळ, करमणूक यांची संधी द्यायची. खेळ हा शब्द कायद्यात आहे. म्हणजे "तुला संघात घेत नाही, तू तसला आहेस" असं शाळेला म्हणता येत नाही, मग ती जिल्हा परिषदेची असो, संस्थेची असो की विनाअनुदानित मान्यताप्राप्त.

याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तृतीयपंथी व्यक्तीला शारीरिक, शाब्दिक किंवा मानसिक छळ केल्यास ६ महिने ते २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कलम १२ सांगतं की फक्त तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आई-बापापासून तोडता येणार नाही, न्यायालयाचा आदेश असेल तरच. हे शेवटचं आपल्याकडे फार महत्त्वाचं. घरानं हाकललेलं पोर कुठं जातं आणि पुढं सिग्नलवर काय करतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

समलिंगी मुलांसाठी असा वेगळा कायदा नाही, ही उणीव आहेच. पण ६ ते १४ वर्षांच्या कुठल्याही मुलाला शाळेत मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद आहे. सरांनी वर्गात किंवा मैदानावर टोमणे मारून पोराला रडवलं तर तेही त्यात येतं.

कलम १३ मध्ये संघ मुलींचा की मुलांचा हे लिहिलेलं नाही. तिथं कायदा गप्प आहे. त्यामुळं जिल्हा पातळीवर असा अर्ज आला तर क्रीडा कार्यालयालाही विचार करावा लागेल. पण मैदानाचं फाटक बंद करणं हे त्याचं उत्तर नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना एक घटना आठवत असेल. सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांनी पोलीस भरतीत अर्ज करायचा ठरवला तर ऑनलाईन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच रकाने. प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलं, तिथून मुंबई उच्च न्यायालयात. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जात तिसरा पर्याय आला आणि तृतीयपंथी उमेदवारांच्या मैदानी चाचणीचे निकष फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत तयार करायचं ठरलं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग यांना किती? प्रश्न हाच होता. आधी उमेदवारानं अर्ज केला, मग नियमाचं काम सुरू झालं. खेळातही असंच होईल बहुतेक. आधी एखादं पोर मैदानात उभं राहील, त्यानंतर परिपत्रक निघेल.

गाव स्वीकारत नाही, असं कोण म्हणतं?

"आमचा तालुका मागास, इथं हे चालणार नाही" हे वाक्य गावातल्यापेक्षा बाहेरच्याच तोंडी जास्त असतं. शेजारच्या माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ बघा. २०१७ साली सरपंचाची निवड थेट जनतेतून झाली आणि तिथल्या लोकांनी ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. गावात त्यांना माऊली म्हणतात. राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच म्हणून तेव्हा सगळीकडे बातमी झाली. ज्या मतदारांनी गावाचा कारभार दिला, तेच मतदार शाळेच्या संघात एक पोर सहन करणार नाहीत, हे पटत नाही.

त्याच तालुक्यात वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं मंदिर आहे. ज्ञानोबारायांची पालखी तिथं मुक्कामाला असते, लाखो वारकरी तिथून पुढं भंडीशेगाव-वाखरीकडे येतात. अर्धं अंग पुरुषाचं, अर्धं बाईचं, अशा देवापुढं माणसं डोकं टेकवतात. विटेवरच्या पांडुरंगाला तर आपण माऊलीच म्हणतो. देवाच्या बाबतीत कुणाला कोडं पडत नाही, शेजाऱ्याच्या पोराच्या बाबतीत पडतं.

मणिपूरमध्ये २०२० मध्ये पारलिंगी खेळाडूंचा फुटबॉल संघ उभा राहिला, इंफाळच्या "या ऑल" संस्थेनं तो तयार केला. चांगलं काम आहे. पण आपल्याकडे वेगळा संघ काढण्याइतकी मुलं एका गावात नसतातच. एखादं, फार तर दुसरं. त्याला आहे त्याच संघात जागा हवी असते.

सर आणि पालकांनी करायचं काय?

खर्च कशालाच नाही. प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी सांगायचं की या मैदानावर चिडवाचिडवी चालणार नाही, आणि पहिला जो चिडवील त्याला दोन फेऱ्या मारायला लावायच्या. पोरं प्रशिक्षकाकडे बघून वागतात, तो हसला की तीही हसतात. स्पर्धेला बाहेरगावी मुक्काम असेल तेव्हा शाळेच्या वर्गात सतरंजीवर पंधरा पोरं झोपतात, खरा त्रास तिथं होतो. सोबत जबाबदार शिक्षक असावा, कपडे बदलायला आडोसा असावा, आंघोळीला आळीपाळी असावी. हे सगळ्याच मुलांच्या भल्याचं आहे. तृतीयपंथी मुलाला कोणतं स्वच्छतागृह सोयीचं पडेल ते त्यालाच बाजूला घेऊन विचारावं, सगळ्यांसमोर नको.

पोरानं विश्वासानं काही सांगितलं तर ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या शिक्षकाला नाही, पालकांनाही लगेच नाही. घरात कळलं तर पोराला मार बसेल, शाळा सुटेल, लग्न लावून देतील, अशी शक्यता असते. आधी पोर सुरक्षित आहे का ते बघायचं. मात्र जिवाला धोका वाटला किंवा कुणी अत्याचार करतंय असं कळलं तर गप्प बसायचं नाही. पोक्सोखालचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे.

व्हिडिओचंही बोललं पाहिजे. कुणीतरी मोबाईल काढतो, त्या पोराची चालण्याची नक्कल करायला लावतो आणि ग्रुपवर टाकतो. गावाला पाच मिनिटं हसायला मिळतं, पोराला गाव सोडावंसं वाटतं. ग्रुप अॅडमिननं तो तिथंच काढायला लावावा.

आई-वडिलांना धक्का बसतो, बसणारच. कुणाशी बोलायचं हेही कळत नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, ती पालकांना वाचता येतील अशी सोपी आहेत. पोर उदास राहत असेल, जेवत नसेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मुलांवर अन्याय होत असेल तर १०९८ आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आहे. शाळेनं खेळू दिलं नाही तर आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम १३ चा उल्लेख करावा आणि पोहोच घ्यावी. दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी, सोलापूर यांच्याकडे तीच प्रत जोडून जाता येतं. तोंडी सांगितलेलं कुठल्याच कार्यालयात टिकत नाही. तालुका पातळीच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील स्पर्धांसाठी संघाची नावं पाठवायच्या आधीच हा अर्ज शाळेत पोहोचलेला बरा. एकदा यादी गेली की मग वर्षभर "पुढच्या वेळी बघू" एवढंच ऐकायला मिळतं.